सपाट रेघांना जमिनीची उंची देणे: क्यूजीआयएसमधलं ड्रेप, आणि ते कुठे चुकतं

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचं नाव आहे.)

सोंडवाट

हरिश्चंद्रगडाच्या माथ्याची हद्द क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलिगॉन (बंद आकृती) म्हणून आखली आहे. खिरेश्वर आणि पाचनई या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या पायवाटा वेगळ्या लाइन लेअरमध्ये आहेत. दोन्ही लेअर सपाट आहेत, म्हणजे प्रत्येक बिंदूला फक्त अक्षांश-रेखांश आहेत. त्यांना जमिनीची उंची द्यायची आहे. उंचीसाठी एसआरटीएम या अंतराळातून मोजलेल्या उंचीच्या रास्टरची (प्रत्येक चौकोनी पिक्सेलमध्ये एक आकडा असलेल्या नकाशाची) एक आर्क-सेकंदाची एन१९ई०७३ ही टाइल घेतली. माथ्याच्या हद्दीने ती कापली आणि प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'ड्रेप: सेट झेड व्हॅल्यू फ्रॉम रास्टर' हे बिंदूंना रास्टरमधली उंची (झेड) देणारं साधन चालवलं. सगळं ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अंशांतल्या अक्षांश-रेखांश प्रणालीत आहे. निकालात तीन गोष्टी खटकतात.

हद्दीचे जवळजवळ निम्मे बिंदू उंची शून्यावर आहेत. थ्रीडी व्ह्यूमध्ये हद्द कुंपणाच्या खिळ्यांसारखी खालीवर दिसते.

पायवाट काही ठिकाणी जमिनीत शिरते आणि पलीकडे बाहेर येते, तर घळीवर ती हवेत तरंगते.

ड्रेपच्या आधी आणि नंतर मोजलेली वाटेची लांबी अगदी सारखी येते.

गिरिमापन

पहिल्या अडचणीचं मूळ कापण्यात आहे. मास्क लेअरने रास्टर कापलं, की ज्या पिक्सेलचा मध्य हद्दीबाहेर असतो तो पिक्सेल नोडेटा (किंमत नसलेला) होतो. हद्दीचे बिंदू बरोब्बर त्या काठावर असतात, म्हणून साधारण निम्मे बिंदू आतल्या पिक्सेलवर पडतात आणि निम्मे नोडेटावर. ड्रेपच्या खिडकीत 'नोडेटा किंवा न छेदणाऱ्या व्हर्टेक्ससाठी किंमत' असा एक रकाना आहे (व्हर्टेक्स म्हणजे रेघ किंवा हद्द ज्यांनी बनते तो प्रत्येक बिंदू) आणि तिथे मुळात ० असतो. तुमचे खिळे तिथून आलेत.

उपाय सोपा आहे. कापूच नका. एक आर्क-सेकंदाच्या टाइलमध्ये ३६०१ × ३६०१ पिक्सेल असतात, आजच्या कुठल्याही संगणकाला ते जड नाही. कापायचंच असेल तर हद्दीला किमान १०० मीटरचा बफर घ्या आणि त्या बफरने कापा. पायवाटा तर हद्दीच्या बऱ्याच बाहेर जातात, त्यांना कापलेलं रास्टर पुरणारच नाही. एकाहून जास्त टाइल लागत असतील तर 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर'ने जोडून घ्या. रेघ दोन टाइलच्या सांध्यावरून गेली आणि ड्रेपला एकच टाइल दिली, तर पुन्हा हेच शून्य.

त्या रकान्यातला ० काढून -९९९९ लिहायची सवय लावून घ्या. किनारपट्टीवर शून्य ही खरी उंचीही असू शकते, त्यामुळे शून्यावरून चूक ओळखता येत नाही. -९९९९ मात्र लपत नाही: ड्रेपनंतर झेड-मिन हे फंक्शन वापरून -५०० च्या खालचे फीचर निवडा, काय चुकलं ते लगेच समोर येतं. आणि -३२७६८ दिसलं तर दुखणं वेगळं. एसआरटीएममध्ये ती रिकाम्या पिक्सेलची खूण आहे. ती नोडेटा म्हणून नोंदलेली नसली, की ड्रेप तिला खरी उंची समजून उचलतं. लेअर प्रॉपर्टीजच्या ट्रान्सपरन्सी पानावर नोडेटाची किंमत तपासा.

उभीरेघ

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. ड्रेप फक्त असलेल्या व्हर्टेक्सना उंची देतं, नवे व्हर्टेक्स घालत नाही. तुमच्या वाटेवर दोन व्हर्टेक्स ३०० मीटर अंतरावर असतील, तर त्या दोन टोकांनाच उंची मिळाली आणि मधली रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ गेली. मधे टेंगूळ असेल तर दोरी त्यातून जाते, ओढा असेल तर वरून जाते.

म्हणून आधी 'डेन्सिफाय बाय इंटरव्हल', मग ड्रेप. हा क्रम उलटवला तर उपयोग नाही. डेन्सिफाय नवे व्हर्टेक्स घालताना झेड असेल तर तोही दोन टोकांमध्ये समान वाटून भरतं. परिणामी व्हर्टेक्स वाढतात, दोरी मात्र तशीच राहते.

अंतर किती? रास्टरच्या पिक्सेलएवढं किंवा त्याच्या निम्मं. तुमच्या अक्षांशावर एक आर्क-सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ३१ मीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण २९ मीटर. तेव्हा १५ ते ३० मीटर योग्य. १ मीटर घेतल्याने माहिती वाढत नाही, फाइल मात्र फुगते.

सोंडवाट

डेन्सिफायमध्ये १५ टाकलं. चालतं, चूक दाखवत नाही, पण व्हर्टेक्स आधी होते तेवढेच राहतात.

उभीरेघ

लेअर ४३२६ मध्ये आहे, म्हणून तो १५ म्हणजे १५ अंश झाला. पंधरा अंशांपेक्षा लांब रेघ तुमच्याकडे नाही, मग नवा व्हर्टेक्स कुठे घालणार? रकान्याशेजारी एकक लिहिलेलं असतं, ते बघून आकडा टाका.

आधी 'रिप्रोजेक्ट लेअर' वापरून लेअर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरमधल्या प्रणालीच्या ४३ उत्तर पट्ट्यात न्या. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत हा पट्टा चालतो. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्याचा बहुतेक भाग त्यात येतो. नागपूर ७९ अंशांच्या पुढे आहे, तिथे ३२६४४ घ्यायचा. 'सेट सीआरएस' आणि 'रिप्रोजेक्ट' यांत गल्लत करू नका. सेट सीआरएसने नुसती पाटी बदलते, आकडे अंशातच राहतात आणि तुमचा गड विषुववृत्ताजवळच्या समुद्रात जाऊन बसतो.

रास्टर ४३२६ मध्ये राहिलं तरी ड्रेपला अडत नाही. ते प्रत्येक बिंदू रास्टरच्या प्रणालीत बदलून घेतं आणि मग किंमत वाचतं. रास्टरची प्रणाली बरोबर नोंदलेली असली की झालं.

पाणलोट

लांबीचं उत्तर राहिलंय. फील्ड कॅल्क्युलेटरमधलं डॉलर-लेंग्थ हे जमिनीवरचं आडवं अंतर देतं, झेडकडे ते बघतच नाही. उंचीसकट लांबी हवी तर लेंग्थ-थ्रीडी हे फंक्शन वापरा. लेअर मीटरमध्येच हवा. अंशातल्या लेअरवर हे फंक्शन चालवलं तर ते आडवे अंश आणि उभे मीटर यांची बेरीज करतं आणि त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

फरक मोठा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. १०० मीटरला २० मीटर चढ असेल तर चढाची लांबी १०२ मीटर. १०० ला ४५ चढ असेल तरी साधारण ११० च. वाटेची उंचीसकट लांबी सपाट लांबीच्या दीडपट आली, तर वाट फार खडी आहे असं मानण्याआधी झेडमध्ये घोळ आहे का ते तपासा.

आणि झेड खरंच बसला आहे का हे बघायला आयडेंटिफाय टूलने रेघेवर टिचकी मारा. डिराइव्ह्ड या भागात सर्वांत जवळच्या व्हर्टेक्सचा झेड दिसतो. पूर्ण लेअरसाठी 'एक्स्ट्रॅक्ट झेड व्हॅल्यूज' आहे. त्यातून किमान, कमाल, सरासरी थेट रकान्यांत येतात. माथ्याच्या हद्दीचा कमाल आकडा १४३० च्या बराच वर गेला तर शंका घ्या.

निम्नरेषा

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची तक्रार तीच असणार. रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. क्यूजीआयएसचं ड्रेप, बिंदू ज्या पिक्सेलमध्ये पडतो त्या पिक्सेलची किंमत जशीच्या तशी उचलतं. एकाच पिक्सेलमध्ये तीन व्हर्टेक्स पडले तर तिघांची उंची एकच, आणि पुढच्या पिक्सेलला एकदम उडी. शिवाय एसआरटीएमचे आकडे पूर्ण मीटरमध्ये आहेत. त्यामुळे सौम्य उतारावर पायऱ्या जास्तच उठून दिसतात.

यावर दोन वाटा आहेत.

एक, रास्टर आधी बारीक करून घ्या. 'वार्प' उघडा, लक्ष्य प्रणाली ३२६४३, रिझोल्यूशन १० मीटर, रिसॅम्पलिंग बायलिनियर (शेजारच्या चार पिक्सेलची सरासरी) किंवा क्यूबिक स्प्लाइन. आउटपुटचा डेटा प्रकार फ्लोट३२ निवडा. हे विसरलात तर पूर्णांकात गोल होऊन पायऱ्या परत येतात. यातून नवी माहिती निर्माण होत नाही. दोन पिक्सेलमधला उतार सलग होतो, एवढंच.

दोन, ग्रास या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरचं व्ही-ड्रेप वापरा. त्यात निअरेस्ट, बायलिनियर, बायक्यूबिक असे तीन पर्याय आहेत. मुळात निअरेस्ट निवडलेलं असतं, ते बदलून बायलिनियर करा. ग्रासमध्ये रीजन नावाची एक चौकट असते आणि वाचन त्या चौकटीच्या रिझोल्यूशनने होतं. थेट ग्रासमध्ये काम करत असाल तर आधी जी-रीजनने चौकट उंचीच्या रास्टरवर बसवा. नाहीतर तीस मीटरचं रास्टर हाताशी असूनही शंभर मीटरने वाचलं जाईल आणि कुठलाही इशारा मिळणार नाही.

पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटाबेस) वापरणाऱ्यांसाठी: ३.२ आवृत्तीपासून एसटी-सेट-झेड आहे, त्यालाही बायलिनियर सांगता येतं. आधी एसटी-सेगमेंटाइजने व्हर्टेक्स वाढवा. रास्टर तुकड्यांत साठवलेलं असेल तर रेघेला छेदणारे तुकडे एसटी-युनियनने जोडून मगच द्या. आर्कजीआयएसमध्ये थ्रीडी अ‍ॅनालिस्ट असेल तर 'इंटरपोलेट शेप' हे डेन्सिफाय आणि ड्रेप दोन्ही एका फटक्यात करतं. सॅम्पलिंग डिस्टन्स म्हणजे तिथलं व्हर्टेक्समधलं अंतर.

पायऱ्यांमुळे सर्वांत जास्त बिघडतो तो एकूण चढाचा आकडा. प्रत्येक छोटी वर-खाली बेरजेत धरली जाते. वाट सतत चढती असली तरी कच्च्या आकड्यांतून खोटे उतार आणि खोटे चढ निघतात आणि एकूण चढ फुगतो. आधी रेघ गुळगुळीत करा आणि बेरीज करताना ५ ते १० मीटरपेक्षा कमी बदल सोडून द्या. दोन टोकांच्या उंचीतला फरक हा एकूण चढाचा खालचा तळ. मोजलेला आकडा त्याच्याशी ताडून बघावा.

किनारा

इथे सगळे "उंची" म्हणताहेत, पण ती कशापासून मोजली? हा प्रश्न सोडून चालणार नाही. महाराष्ट्रात त्याची किंमत ६० मीटरहून जास्त आहे.

एसआरटीएमची उंची ईजीएम९६ या जिऑइडपासून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून आहे. कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या ३० मीटरच्या उंची-मॉडेलची उंची ईजीएम२००८ पासून. या दोघांतला फरक थोडा आहे, तो रास्टरच्या स्वतःच्या चुकीत विरून जातो. पण इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळणारं कार्टोसॅट-१ उपग्रहाचं कार्टोडेम डब्ल्यूजीएस८४ लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) उंची देतं. आणि भारतात जिऑइड त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला ही दरी १०० मीटरच्या पुढे जाते, जगातली सर्वांत खोल. आपल्याकडे मुंबई-पुणे पट्ट्यात ती साठ-पासष्ट मीटरच्या घरात आहे.

परिणाम असा की, मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून लंबगोलावरची उंची घेतली तर ती उणे साठच्या आसपास येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधून थेट लिहिलेल्या जीपीएक्स फाइलमध्येही (जीपीएसने नोंदलेल्या वाटेच्या फाइलमध्ये) लंबगोलावरचीच उंची असते. काही अ‍ॅप ती दुरुस्त करून लिहितात, काही करत नाहीत. सोंडवाट, तुमच्या पायवाटा जीपीएक्समधून आल्या असतील तर त्यांना आधीच झेड असेल आणि ड्रेप त्याच्यावर नवा झेड लिहील. तुम्हाला तेच हवंय, पण काही रेघा ड्रेप केलेल्या आणि काही जीपीएक्समधल्या तशाच, अशी सरमिसळ केली तर सांध्यावर साठ मीटरची पायरी दिसेल.

बदल करायचा तर जीडीएएलच्या (रास्टर हाताळणाऱ्या लायब्ररीच्या) वार्पला उभी, म्हणजे उंची कशापासून मोजायची ती प्रणालीसुद्धा सांगावी लागते. स्रोत ४३२६ अधिक ५७७३ म्हणजे ईजीएम९६. ४३२६ अधिक ३८५५ म्हणजे ईजीएम२००८. आणि ४९७९ म्हणजे लंबगोल. यासाठी प्रोजची (प्रणाली बदलणाऱ्या लायब्ररीची) जिऑइड ग्रिड फाइल संगणकावर असावी लागते. ती नसेल तर काही वेळा कुठलाही बदल न होताच नवी फाइल तयार होते. म्हणून एका ओळखीच्या बिंदूवर आधीची आणि नंतरची किंमत वजा करा. फरक साठच्या आसपास आला तर काम झालं, शून्य आला तर ग्रिड सापडलेली नाही.

छोट्या भागासाठी एवढा खटाटोप नको असेल, तर ड्रेपच्या नव्या आवृत्त्यांत ऑफसेटचा रकाना आहे, तिथे एकच स्थिर आकडा द्या. एका गडाच्या परिसरात जिऑइड फारसा बदलत नाही. चिन्ह सांभाळा: लंबगोलावरून समुद्रसपाटीवर येताना मिळवायचं आहे.

गिरिमापन

किनारा यांच्या मुद्द्याला जोड. कुठलं रास्टर घ्यावं हे कामावर ठरतं. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवसांत मोजलेलं आहे. त्याचं ठरवलेलं उद्दिष्ट ९० टक्के ठिकाणी १६ मीटरच्या आत, असं होतं. कोपर्निकसचं मॉडेल टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ च्या मोजणीवर आधारलेलं आहे आणि त्याचं घोषित प्रमाण ९० टक्क्यांना ४ मीटरच्या आतलं. त्याचे आकडे दशांशात आहेत, त्यामुळे पायऱ्याही कमी. आज नव्याने सुरुवात करायची तर मी कोपर्निकस घेईन.

दोन्ही पृष्ठभागाची मॉडेलं आहेत, उघड्या जमिनीची नाहीत. झाडीचा शेंडा, इमारतीचं छप्पर त्यात काही प्रमाणात मिसळलेलं असतं. पाचनईकडून येणारी वाट रानातून जाते. रान सुरू होताना आणि संपताना वाटेला पाच-दहा मीटरचा खोटा उंबरठा दिसला, तर तो झाडांचा आहे.

सोंडवाट

कापलेलं रास्टर काढून टाकलं, पूर्ण टाइल घेतली, लेअर ३२६४३ मध्ये नेले, १५ मीटरवर डेन्सिफाय करून १० मीटरच्या गुळगुळीत रास्टरवर ड्रेप केलं. पायवाटा आता जमिनीला चिकटून जातात. खिळे गेले. पण माथ्याचा पॉलिगॉन थ्रीडीमध्ये भरीव रंगात दाखवला तर काठ बरोबर दिसतो, आत मात्र तारामतीचा डोंगर रंग फोडून वर येतो.

पाणलोट

कारण पुन्हा तेच. पॉलिगॉनचे व्हर्टेक्स फक्त काठावर असतात. आतली जागा भरताना सॉफ्टवेअर काठाचे बिंदू त्रिकोणांनी जोडतं, आतल्या डोंगराची त्याला माहितीच नसते. काठ कितीही डेन्सिफाय करा, आत फरक पडत नाही.

नुसतं दाखवायचं असेल तर झेडची गरजच नाही. त्या लेअरचं थ्रीडी सिम्बॉल 'नो सिम्बॉल्स' ठेवा. मग तो लेअर टूडीमधल्या रंगासकट जमिनीच्या पृष्ठभागावर चादरीसारखा पांघरला जातो.

खरा उंचीसकट पृष्ठभाग हवा असेल, दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचा असेल किंवा उताराचं क्षेत्रफळ काढायचं असेल, तर 'क्रिएट ग्रिड'ने ३० मीटरच्या चौकटी करा, त्यांचं पॉलिगॉनशी 'इंटरसेक्शन' घ्या आणि त्या तुकड्यांना ड्रेप करा. दर चौरस किलोमीटरला अकराशेवर तुकडे होतात, म्हणून जिल्ह्याच्या हद्दीवर हा प्रयोग करू नका.

तलाव आणि धरणाचं पाणी यांना ड्रेप अजिबात नको. पाण्याची पातळी एकच असते, पण काठाचे बिंदू वेगवेगळ्या पिक्सेलवर पडून पाणी वेडंवाकडं होतं. तिथे 'सेट झेड व्हॅल्यू' वापरून एकच पातळी द्या. घरांचंही तसंच. घराच्या पायाचे चार कोपरे ड्रेप केले तर उतारावरचं घर कलंडतं. 'झोनल स्टॅटिस्टिक्स'ने घराखालची किमान किंवा मध्यक उंची काढा, ती रकान्यातून सेट झेडला द्या आणि घराची उंची एक्स्ट्रूजनमध्ये द्या.

रुळावरून

हाच प्रकार रेल्वेमार्गाला लावायचा असेल तर? ओपनस्ट्रीटमॅपवरून कोकण रेल्वेची रेघ घेतली, २० मीटरवर डेन्सिफाय केली, ड्रेप केली. रत्नागिरीजवळ मार्ग डोंगरावर चढून पुन्हा उतरतो आणि पानवल नदीपाशी दरीत कोसळतो.

उभीरेघ

ड्रेपला बोगदा आणि पूल कळत नाहीत. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे तुम्ही रुळांना डोंगराच्या पाठीवरून नेलंत. पानवलच्या पुलाचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरचा आहे. तिथे रूळ नदीच्या पात्रात गेले.

डेन्सिफाय करण्याआधी टनेल आणि ब्रिज या टॅगवरून ते तुकडे वेगळ्या लेअरमध्ये काढा. उरलेली रेघ नेहमीप्रमाणे ड्रेप करा. वेगळ्या काढलेल्या तुकड्यांसाठी फक्त दोन टोकांची उंची घ्या आणि मधली उंची अंतराच्या प्रमाणात वाटा.

'एक्स्ट्रॅक्ट व्हर्टायसेस' चालवा. त्यात प्रत्येक बिंदूला त्याचा क्रमांक आणि सुरुवातीपासूनचं अंतर हे रकाने आपोआप मिळतात. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये नवा रकाना काढा: सुरुवातीची उंची, अधिक दोन टोकांच्या उंचीतला फरक गुणिले अंतर भागिले एकूण लांबी. तो रकाना 'सेट झेड व्हॅल्यू'ला द्या आणि 'पॉइंट्स टू पाथ'ने क्रमांकानुसार पुन्हा रेघ जोडा. आडवी वळणं जशीच्या तशी राहतात.

टोकाची उंची नेमक्या बोगद्याच्या तोंडावर घेऊ नका. तोंड खड्या उतारावर असतं, तिथला पिक्सेल डोंगराचा निघण्याची शक्यता जास्त. बाहेर दोन-तीन पिक्सेल, म्हणजे ६० ते ९० मीटर सरकून घ्या. तिथेही खोल कटिंग असेल तर तीस मीटरच्या रास्टरला ते दिसत नाही, पंधरा-वीस मीटर रुंदीची चर त्याच्या एका पिक्सेलातच बुडून जाते.

तपासायला चढाची मर्यादा वापरा. कोकण रेल्वेचा नियामक चढ १५० ला १ आहे. म्हणजे किलोमीटरला पावणेसात मीटरही नाही. करबुडेच्या दोन तोंडांतला फरक ४३-४४ मीटरपेक्षा जास्त आला, तर तुमची टोकांची उंची चुकली आहे.

रुळावरून

तोंडांतला फरक ७० च्या वर येत होता. टोकं ९० मीटर बाहेर सरकवल्यावर मर्यादेत आला. पूलही बसले.

निम्नरेषा

ड्रेप झाल्यावर झेड कसा हरवतो तेही नोंदवून ठेवूया.

बफर केला की झेड गेला, निकाल सपाटच येतो. म्हणून बफर, डिझॉल्व्ह, क्लिप असली सगळी कामं आधी उरका आणि ड्रेप शेवटी ठेवा.

'सिम्प्लिफाय' फक्त वरून दिसणारा आकार बघतं. डेन्सिफायने घातलेले सगळे बिंदू वरून पाहता एका सरळ रेषेत असतात, सिम्प्लिफायच्या लेखी ते अनावश्यक. उंचीसकट सगळे उडवले जातात आणि ताणलेली दोरी परत येते. सिम्प्लिफाय करायचंच तर डेन्सिफायच्या आधी.

ड्रेप केलेल्या रेघेत हाताने नवा व्हर्टेक्स घातला तर त्याला सेटिंग्जमधल्या डिजिटायझिंग पानावरचा ठरावीक झेड मिळू शकतो, आणि तो सहसा शून्य असतो. दुरुस्ती केली की पुन्हा ड्रेप चालवा, जुना झेड आपोआप पुसला जातो.

साठवताना जिओपॅकेज घ्या. शेपफाइलही झेड ठेवते, पण त्यासाठी तिचा प्रकार झेडचा असावा लागतो. आधीपासून असलेल्या सपाट शेपफाइलमध्ये ड्रेप केलेले फीचर चिकटवले तर उंची निमूटपणे गळून पडते.

गूगल अर्थसाठी केएमएल काढताना अल्टिट्यूड मोड बघा. क्लॅम्प टू ग्राउंड असेल तर तुमचा झेड वाचलाच जात नाही. रिलेटिव्ह टू ग्राउंड ठेवलं तर १२०० मीटरवरची वाट जमिनीच्याही १२०० मीटर वर तरंगते. अ‍ॅब्सोल्यूट हवं. त्यातही गूगल अर्थची स्वतःची जमीन वेगळ्या आकड्यांची असल्याने रेघ अधूनमधून खाली बुडेल. नुसतं दाखवण्यासाठी क्लॅम्पच बरा.

सोंडवाट

एकच जागा अजून बसत नाही: कोकणकडा. काठावरच्या बिंदूंची उंची लागोपाठ शेकडो मीटर वर-खाली होते. बायलिनियरने तर अधलेमधले आकडे येतात, ते ना माथ्याचे ना पायथ्याचे.

गिरिमापन

बायलिनियरचा सल्ला वाटेसाठी बरोबर होता, कड्यासाठी तो चुकीचा आहे. शेजारचे चार पिक्सेल घेऊन ते सरासरी काढतं. त्यातले दोन माथ्याचे आणि दोन दरीतले असले, की आकडा हवेतला येतो. गुळगुळीत केलेल्या १० मीटरच्या रास्टरमध्येही हीच सरासरी शिरली आहे, त्यामुळे कड्यासाठी मूळ रास्टर वापरा.

कोकणकडा आत वळलेला आहे, वरचा ओठ पायथ्याच्या पुढे येतो. रास्टरमध्ये एका जागेला एकच उंची असते, तेव्हा असा आकार त्यात मावतच नाही. शिवाय तुम्ही काठ उपग्रहाच्या चित्रावरून आखला असेल, तर चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. इथे अर्ध्या पिक्सेलचं सरकणं म्हणजे थेट दरीत पडणं.

तुम्हाला हवी आहे ती ओठाची उंची. डेन्सिफाय केलेल्या हद्दीतून फक्त कड्याच्या पट्ट्यातले बिंदू वेगळे काढा. प्रत्येकाला ४५ मीटरचा बफर द्या आणि त्या वर्तुळांवर मूळ रास्टरची झोनल स्टॅटिस्टिक्स चालवून कमाल उंची घ्या. ती बिंदूंना जोडून सेट झेडने लिहा आणि हद्द क्रमाने पुन्हा जोडा. हा उपाय त्या पट्ट्यापुरताच ठेवा. जिथे माथा काठापासून आत लगेच चढतो, तिथे कमाल उंची आतल्या चढाची येईल आणि काठ दहा-पंधरा मीटरने उचलला जाईल. अशा जागी ४५ ऐवजी ३० चा बफर घ्या.

सोंडवाट

४५ च्या बफरने काठ सलग आला. दोन्ही टोकांना, जिथे माथा आत चढतो, तिथे ३० ठेवला. ओठावरच्या लागोपाठच्या बिंदूंतला फरक आता कुठेही १२ मीटरच्या वर जात नाही.